घरातला माणूस 'योगदान' देत नाही

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका गावातून फोन आला. वाचनालयाची जुनी व्याख्यानमाला आहे, एक पुष्प तुम्ही गुंफावं अशी समितीची इच्छा आहे, असं चिटणीस म्हणाले. विषय ठरलेला होता, 'मराठी संगीतातील मुस्लिमांचे योगदान'. मी लगेच हो म्हणालो. असे विषय मला दर दोन-तीन महिन्यांनी येतात. स्वातंत्र्यलढ्यातील योगदान, संतसाहित्यातील योगदान, सिनेमातील योगदान. माझ्याकडे यादी तयार असते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, पेशवाईतला लावणीकार सगनभाऊ, कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ, संयुक्त महाराष्ट्र गाजवणारे शाहीर अमर शेख. शेवटी 'बैजू बावरा'मधलं मालकंसातलं भजन. लिहिलं शकील बदायुनींनी, चाल नौशादची, आवाज रफीचा. ही तीन नावं एका दमात घेतली की टाळी हमखास पडते. गेली दहा-बारा वर्षं मी ही टाळी घेत आलोय, हे कबूल करतो.

त्या दिवशीही टाळी पडली. आभार झाले, चहा आला. समोरच्या रांगेत बसलेले एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. निवृत्त शिक्षक असावेत. हात हातात घेऊन अगदी मनापासून म्हणाले, "फार छान बोललात. तुमच्या लोकांनी आमच्या संगीताला खूप दिलंय हो. आम्ही विसरलो."

माणूस सज्जन होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण 'तुमच्या' आणि 'आमच्या' या दोन शब्दांमध्ये एक चौकी उभी होती आणि ती त्यांना दिसत नव्हती. खरं सांगायचं तर तासभर मीच ती बांधत होतो.

मंडपाबाहेर एक मुलगा थांबला होता. अकरावी-बारावीतला. सलाम केला, नाव सांगितलं. मग आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "सर, पण आपल्यात संगीत हराम आहे ना?" तो कॉलेजच्या युवा महोत्सवाच्या चमूत ढोलकी वाजवतो. लावणीच्या साथीला. घरी माहीत नाही. मोहल्ल्यात कुणीतरी वडिलांच्या कानावर घातलंय आणि आता घरात रोज वाद आहेत. कॉलेजात त्याला कौतुकाने 'आमचा खान ढोलकीवाला' म्हणतात. म्हणजे तिथेही तो नुसता ढोलकीवाला नाहीच.

मी त्याला जे उत्तर दिलं ते त्या वेळी फार तोकडं होतं. परतीच्या एसटीत विचार करत राहिलो. हा लेख त्या प्रवासातला आहे.

माझी तक्रार आधी 'योगदान' या शब्दाशी आहे. योगदान कोण देतं? बाहेरचा देतो. वर्गणी देतो तसं. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं कोरतात, पुजाऱ्याचं आणि गावाचं कोरत नाहीत, कारण ते त्या देवळाचेच असतात. कोणी 'मराठी संगीतातील ब्राह्मणांचे योगदान' असं व्याख्यान ठेवत नाही. 'नाट्यसंगीतातील हिंदूंचे योगदान' असा परिसंवाद मी आजवर ऐकलेला नाही. स्वयंपाकघरात आई काय योगदान देते असं आपण विचारत नाही आणि विचारलं तर ती लाटणं उगारेल. ज्याचं घर आहे त्याला योगदान नसतं. ज्याला योगदान आहे, तो पाहुणा. कितीही लाडका असला तरी पाहुणा. आणि पाहुण्याला केव्हाही विचारता येतं, आता निघताय कधी?

उदाहरण मिरजेचं घेऊ, कारण माझ्या व्याख्यानात ते दरवेळी असतं आणि दरवेळी मी ते चुकीचं सांगतो.

अब्दुल करीम खाँ १८७२ मध्ये उत्तरेत कैराना इथे जन्मले. बडोद्याला दरबारात गायले, तिथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचं जुळलं, दोघांनी बडोदा सोडलं आणि पुढचं आयुष्य मुंबई, पुणे, मिरज या टापूत गेलं. पुण्यात त्यांनी संगीतशाळा काढली तिचं नाव 'आर्य संगीत विद्यालय'. हे नाव आज ऐकलं तर दोन्ही बाजूंच्या लोकांच्या भुवया उंचावतील. खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, त्यागराजांची रचना गायली, मराठी नाट्यपदांच्या तबकड्या दिल्या. १९३७ मध्ये दक्षिणेतल्या दौऱ्यात रेल्वे प्रवासात प्रकृती बिघडली म्हणून एका लहान स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे उरुसात दरवर्षी त्यांच्या नावाने गाणं होतं. आजही मोठमोठे गवय्ये तिथे हजेरी लावायला येतात.

हे सगळं मी सांगतो. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल, हेही सांगतो. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला महोत्सव, हेही. मग टाळी.

पण ताराबाई आणि खाँसाहेबांच्या मुलांबद्दल मी कधी नीट बोललो नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने झाला. चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर. सकीना झाली सरस्वती राणे. सगळी एका बापाची मुलं, एका गळ्याची. हिराबाईंनी बाईच्या तिकीट लावलेल्या मैफलीला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. सरस्वतीबाईंनी विजय भट्ट यांच्या 'रामराज्य' या सिनेमात पार्श्वगायन केलं. साल १९४३. सीतेच्या कथेवरचा सिनेमा, त्यातलं वीणेचं ते गाणं घराघरात गेलं, आणि गळा अब्दुल करीम खाँच्या लेकीचा.

आता वाचनालयाच्या चिटणीसांनी मला सांगावं, सरस्वतीबाई कोणत्या रकान्यात लिहू? मुस्लिमांचं योगदान म्हणून? की मुसलमान बापाच्या घरातलं हिंदू योगदान म्हणून? आईचं आडनाव लावलं म्हणून गळा बदलला का? हिराबाईंचं शिक्षण तर अब्दुल वहीद खाँकडे झालं. वहीवर उभी रेघ मारून डावीकडे 'ते', उजवीकडे 'आपण' असं लिहायला बसलं की किराण्याच्या या एका घरातच ती रेघ अडते. आणि हे घर काही अपवाद नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या, त्यांचे गुरू अल्लादिया खाँ. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याच मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँकडे शिकले. शिकणारा गुरूचा उष्टा पेला उचलतो, पाय चेपतो, वर्षानुवर्षं तीच एक तान घोटतो. हे देणगीचं नातं नाही. हे वारशाचं नातं आहे, आणि वारशात भांडणंही असतात. उस्तादांनी चिजा लपवल्या, शिष्यांना तंगवलं, बायकांना शिकवायला नकार दिला, हेही खरं आहे. घर म्हटलं की हे आलंच. फक्त सुंदर तेवढं सांगणं हीसुद्धा पाहुण्याची रीत.

मिरजेतच आणखी एक गोष्ट आहे. तिथे सतार आणि तंबोरे करणारी कुटुंबं मूळची शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तसे ते वाद्यांकडे वळले. (सगनभाऊही शिकलगारच. लोखंड घासणाऱ्या हातांना सुराचं काय वेड असतं कोण जाणे.) तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतो. तो वाळवायचा, कापायचा, घासायचा, त्यावर नक्षी चढवायची, तारा लावून जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवून आवाज उघडण्याचं काम. हे कानाने करायचं, त्याला मोजपट्टी नाही. भारतात आणि सीमेपलीकडे कित्येक मैफलींत गायकाच्या मागे वाजतो तो तंबोरा या गल्लीतला असतो. २०२४ मध्ये या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी कागदावर त्याचं नाव मिरजेच्या नावाने आहे. मला ते फार आवडलं. कागदाने 'मुस्लिमांचे योगदान' असं लिहिलं नाही, गावाचं नाव लिहिलं. सरकारी कागद शहाणा निघण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

सरकार नेहमीच इतकं शहाणं नव्हतं. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर हे नभोवाणी मंत्री होते. माणूस मराठी, संगीताचा जाणकार. हिंदुस्थानी संगीत मुसलमान उस्तादांच्या हाती जाऊन बिघडलं अशी त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी लेखांतून मांडली. त्यांच्याच काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं. हार्मोनियमवर तर १९४० पासूनच बंदी होती, तिच्यात फट पडायला १९७१ उजाडावं लागलं. पण श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनवर नेली. अमीन सायानींची गीतमाला ऐकायला पानपट्टीवर गर्दी व्हायची. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावं लागलं. शुद्धीकरणाचा प्रयोग पाच वर्षांत गुंडाळला गेला, आणि तो कुठल्या मोर्चाने नाही, सुई फिरवणाऱ्या बोटांनी गुंडाळला.

यावर एक मित्र म्हणतो, ते जुनं झालं रे, आता प्रश्न पाकिस्तानचा आहे. ठीक, तोही घेऊ.

दोन गुलाम अली आहेत. पहिले बडे गुलाम अली खाँ, पतियाळ्याचे. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथे मन रमलं नाही, परत आले. मोरारजी देसाईंनी मदत केली, १९५७ च्या सुमारास नागरिकत्व मिळालं आणि मुंबईत मलबार हिलवर राहायला बंगला. मोरारजी काही मुसलमानांचे लांगूलचालन करणारे पुढारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. दुसरे गजलगायक गुलाम अली. त्यांचं नाव या बड्या खाँसाहेबांवरूनच ठेवलेलं, तालीमही त्यांच्याच घरात. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत षण्मुखानंद सभागृहात ते गाणार होते. निमित्त काय, तर जगजित सिंग यांची आठवण. शिवसेनेने विरोध केला आणि कार्यक्रम रद्द झाला. पुण्याचाही झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हे गुलाम अली वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात मारुतीसमोर गायले होते. मारुतीला चाललं, षण्मुखानंदला चाललं नाही.

मला इथे सोपं बोलायचं नाही. सीमेवर जवान मरतो तेव्हा त्याच्या आईला गजल ऐकवू नये, हे मला कळतं. कोणाला व्हिसा द्यायचा हा सरकारचा अधिकार आहे, त्यावर माझं भांडण नाही. तिकडेही काही स्वर्ग नाही. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने चार दशकं भारतीय सिनेमा थिएटरात लागू दिला नाही. अब्दुल करीम खाँच्याच शिष्या रोशनआरा बेगम १९४८ मध्ये तिकडे गेल्या आणि लालामुसासारख्या आडगावात राहिल्या. रागदारी म्हणजे हिंदूंचं गाणं, असं समजणाऱ्यांच्या देशात त्यांना आपला श्रोता शोधावा लागला. झिया-उल-हकच्या काळात नाहीद सिद्दीकींचा टीव्हीवरचा कथकचा कार्यक्रम बंद झाला, त्यांना देश सोडावा लागला. कथक इथल्यांना मुघली वाटतं, तिथल्यांना हिंदू. बिचाऱ्या घुंगरांनी जायचं कुठे?

माझा मुद्दा वेगळा आहे. ही चौकी वाघ्याला थांबली असती तर मी गप्प बसलो असतो. ती आत सरकते. २०१६ मध्ये उरीनंतर निर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलाकारांवर बंदीचा ठराव केला. तेव्हा फोन मला आले, तुमचं काय मत? माझा आणि फवाद खानचा काय संबंध? त्याचा सिनेमाही मी पाहिला नव्हता. २०२५ मध्ये पहलगामनंतर गाण्यांच्या अ‍ॅपवर जुन्या सिनेमांच्या पोस्टरवरून तिकडच्या नट-नट्यांचे चेहरे पुसले गेले. त्याच वर्षी नवरात्रात विश्व हिंदू परिषदेने महाराष्ट्रात मागणी केली की गरब्याच्या दारात आधार कार्ड बघा, मुसलमानाला आत घेऊ नका. बघा चौकी कुठून कुठे आली. आधी लाहोरचा गायक, मग पोस्टरवरचा चेहरा, मग शेजारच्या गल्लीतला पोरगा. सरहद्दीवर पासपोर्ट विचारतात ते मी समजू शकतो. टिपरीला आधार कार्ड कशाला?

न्यायालयाला हे कळलं होतं. पाकिस्तानी कलाकारांवर सरसकट बंदी घाला अशी याचिका एका सिनेकर्मीने केली होती, ती २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. देशप्रेमासाठी शेजारच्या देशातल्या माणसाचा द्वेष करावा लागत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. पण सभागृहाचा मालक निकाल वाचत नाही, तो काचा मोजतो.

आता आपल्या घरातलं. तो मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही आणि त्याला अडवणारे 'ते' नाहीत, आपण आहोत.

फिकहवर वाद घालण्याइतका माझा वकूब नाही. पण एवढं वाचलंय की इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर पूर्ण प्रकरण लिहिलं, अटी घातल्या, सरसकट हराम म्हटलं नाही. चिश्ती सिलसिल्याच्या खानकाहांत शतकानुशतकं कव्वाली होत आली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने 'किताब-ए-नौरस' लिहिली, त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान. मतभेद होते, आजही आहेत, ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोहल्ल्यामोहल्ल्यात मतभेद संपवून एकच मत पक्कं बसवलं गेलं. दर्ग्यावरची कव्वाली बिदअत, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीने नाचणं बेशरमी, ढोलकी तर नाचणारणींचीच. डीजे असेल तर निकाह पढवणार नाही, असं ठरवतात, त्याला मी विरोध करणार नाही. डीजेबद्दल मलाही फार प्रेम नाही, आणि त्या निर्णयाने गरिबाचे पैसे वाचतात. पण डीजे आणि ढोलकी एकाच पोत्यात भरून विहिरीत टाकली गेली.

आणि मग आपणच व्यासपीठावर जाऊन अब्दुल करीम खाँचा अभिमान सांगतो. मेलेला उस्ताद आपला, जिवंत ढोलकीवाला वाया गेलेला. सातवी-आठवीतलं पोर पेटी शिकायला जातंय म्हटल्यावर ज्याच्या कपाळावर आठी पडते, त्याला खाँसाहेबांच्या नावाने टाळी घ्यायचा हक्क नाही. माझ्या कपाळावरही पडली होती. माझ्या भाचीने कथकच्या क्लासचं नाव काढलं तेव्हा मी म्हणालो होतो, आधी दहावी होऊ दे. दहावीचं कारण होतं, पण ते खरं कारण नव्हतं. लोक काय म्हणतील, हे होतं. ती पुन्हा बोलली नाही. आज ती इंजिनीअर आहे, बरं चाललंय तिचं. पण ते क्लासचं नाव काढतानाचं तिचं तोंड मला अजून आठवतं.

त्या मुलाला मी त्या संध्याकाळी काय सांगितलं? विचारलं, ठेका कोणता वाजवतोस? त्याने मांडीवर बोटांनी वाजवून दाखवला. चांगला हात होता. मी म्हणालो, "हे बघ, हराम-हलाल तू अब्बांशी आणि एखाद्या वाचलेल्या आलिमशी बोल, एकाशी नको, दोघांशी बोल. पण चोरून वाजवू नकोस. चोरून वाजवलेल्याचा ठेका घाईचा होतो." तो हसला. महोत्सव पुढच्या आठवड्यात होता. त्याने वाजवलं की नाही मला माहीत नाही. मी नंबर घेतला होता, पण फोन करायचं धाडस झालं नाही. केला असता तर काय ऐकायला मिळालं असतं, याची भीती वाटली.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका गावच्या वाचनालयाचा फोन आला. विषय पुन्हा तोच, योगदान. मी म्हणालो, येतो, पण विषय बदलूया. मी 'किराणा घराणं' यावर बोलतो, तबकड्या ऐकवतो. चिटणीस थोडा वेळ गप्प बसले. मग अतिशय आदराने म्हणाले, "सर, विषय छान आहे. पण त्यासाठी आम्ही संगीतातल्या माणसाला बोलावतो."